एकदाच दाबलेली कळ

पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्या भागांची यादी पुढे केली की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कॉलेजचा प्रोजेक्ट का?" हे सारे सातवी-आठवीच्या मुलांसाठी आहे असे सांगितले की तो दहा रोध जास्तीचे बांधून देतो. मुले जाळणार, हे त्याला ठाऊक असते.

आम्ही दोघे उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा मुलांचा छोटासा वर्ग घेतो. हाताशी असतो तो आर्डुइनो. अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा, म्हणून २००५ साली इटलीतल्या इव्रेआ येथील एका डिझाइन-संस्थेत तो घडला. पहिल्या दिवशी दिवा लावायचा. पाच व्होल्टांपैकी सुमारे दोन तांबडा एलईडी घेतो. उरलेल्या तिनांसाठी २२० ओहमचा रोध लावला तर प्रवाह चौदा मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. लाल, लाल, तपकिरी हे पट्टे मुलांना पाढ्यांसारखे पाठ होतात.

दुसऱ्या दिवशी कळ. कळ दाबली की पडद्यावरचा आकडा एकाने वाढायला हवा. एका वर्षी एका मुलीचा आकडा कधी तिनाने वाढे, कधी पाचाने. "नीट दाब, बोट थरथरते आहे तुझे," आम्ही म्हणालो. "सर, मी एकदाच दाबलं." आम्ही तारा तपासल्या, प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. चूक सापडेना. तेव्हा, सांगायला लाज वाटते, आम्ही पुन्हा तिच्याच बोटाकडे वळलो. ती गप्प झाली आणि उरलेला वेळ तिने कशालाही हात लावला नाही.

रात्री सामान आवरताना उमगले. कळेतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळल्या की स्थिर होण्याआधी चेंडूसारख्या उसळतात. काही मिलिसेकंदांत स्पर्श अनेकदा जुळतो आणि तुटतो. माणसाला तो एकच भासतो. सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालणारा आर्डुइनो मात्र प्रत्येक उसळी मोजतो. आमच्यापैकी एकाने परीक्षेत याच विषयावर आकृतीसह उत्तर लिहून पूर्ण गुण मिळवले होते. ते ज्ञान उत्तरपत्रिकेतून बाहेर आलेच नव्हते.

सकाळी आम्ही सर्वांसमोर तिची माफी मागितली आणि प्रत्येक बदलाची वेळ नोंदवणारा प्रोग्रॅम चालवला. तिने एकदा कळ दाबली. पडद्यावर चार नोंदी उमटल्या, दोन-तीन मिलिसेकंदांच्या आतल्या. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बोर्डही खोटं बोलत नव्हता."

उपाय सोपा होता : पहिला स्पर्श कळला की वीसएक मिलिसेकंद थांबायचे आणि पुन्हा पाहायचे. एका मुलाने ते थांबणे पुरते एक सेकंदाचे केले, तर भराभर दाबलेल्या कळा हरवू लागल्या. किती थांबावे, यावर मग वर्गात तासभर वाद रंगला. आम्हांला त्यात बोलावे लागले नाही.

तेव्हापासून कळेचा प्रयोग आम्ही दुरुस्ती न सांगता तसाच देतो. दरवर्षी कुणीतरी हटकून म्हणतेच, "मी एकदाच दाबलं." आता आम्ही ते आधी खरे मानतो आणि मग तारा तपासायला बसतो.