भंडारदऱ्याच्या काठी

वसईच्या माणसाला पाण्याचे अप्रूप नसते. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी आणि वाडीत बावखल, अशा पाण्याच्या सोबतीने आमचे बालपण गेले. पाठीला वाळलेला भोपळा बांधून थोरल्या भावाने मला बावखलात ढकलले, तेव्हा मी जेमतेम सात वर्षांचा असेन. चार दिवसांत भोपळा सुटला आणि पाण्याचे भयही सुटले. ते भय पुन्हा भेटले ते पंचेचाळीस वर्षांनंतर, आणि तेही सह्याद्रीत.

गेल्या वर्षी जानेवारीत धर्मग्रामातील अठरा तरुण-तरुणींना घेऊन आम्ही भंडारदऱ्यास तीन दिवसांच्या शिबिरासाठी गेलो. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेल्या दगडी धरणाचा हा जलाशय. धरणापाशी शेंडी गावात पर्यटकांची वर्दळ असते, म्हणून पाण्याला वळसा घालून आम्ही रतनवाडीच्या बाजूस गेलो आणि शेतमालकाची परवानगी घेऊन बांधालगत तंबू ठोकले. समोर रतनगड, त्याच्या शेजारी खुट्ट्याचा सुळका आणि पायथ्याशी निश्चल पाणी.

"तळ्याकाठी तीन दिवस मुले करणार काय?" असे एका पालकांनी निघताना विचारले होते. प्रश्न वाजवी होता, कारण पहिल्या दुपारी मुलांनाही तो पडला. भ्रमणध्वनीला संपर्क मिळेना, तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. परंतु कंटाळा फार वेळ टिकला नाही. सायंकाळी अर्धा तास कोणी बोलायचे नाही असे ठरवून आम्ही काठावर बसलो. दहा मिनिटांतच खंड्याने पाण्यात सूर मारला. एक पाणकावळा पंख पसरून खडकावर वाळत बसला. दिवस मावळल्यावर टिटवीने आरडाओरडा सुरू केला, आणि अर्ध्या तासाची मुदत केव्हा संपली हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर पाहिले. तेथील पुष्करणीच्या कोनाड्यांतील मूर्ती पाहताना आमच्यातील एक गवंडीकाम शिकणारा मुलगा दगडांचे सांधे बोटांनी चाचपत राहिला. इतर पुढे गेले तरी तो हलेना. रात्री वाडीतल्या एका घरून आलेल्या पिठले-भाकरीवर ताव मारून आम्ही सतरंज्यांवर उताणे झोपलो. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण मी दाखविला. ती रेषा खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी आणि त्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. वसईच्या दिव्यांत आता कृत्तिका धड दिसत नाहीत.

पोहण्याची परवानगी मी दिली होती. हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी विचारले आणि मी काठावरचे पाणी पाहून, बावखलाच्या अनुभवाच्या जोरावर, "कमरेपर्यंतच जा," असे म्हणालो. जलाशय म्हणजे बावखल नव्हे, एवढे भान मला राहिले नाही. पावसाळ्यानंतर धरणातून शेतीसाठी पाणी सोडले जाते, पातळी उतरत जाते आणि उघडा पडलेला काठ वरून सुकलेला, आत मात्र लोण्यासारखा असतो. त्यापुढे बुडालेल्या डोंगराचा उतार. कमरेइतके पाणी दोन पावलांवर डोक्याइतके होते. शिवाय समुद्राचे खारे पाणी माणसाला जसे उचलून धरते, तसे हे गोडे पाणी धरत नाही.

आमच्यातील सर्वांत तरबेज पोहणारा मुलगा पाण्याबाहेर येताना मांड्यांपर्यंत गाळात रुतला. एक पाय काढावा तर दुसरा खोल जाई. मी धावलो आणि चौथ्या पावलावर स्वतःच घोट्यापर्यंत अडकलो. तेवढ्यात गुरे घेऊन आलेले एक वृद्ध गृहस्थ ओरडले, "उभा ऱ्हाऊ नगं पोरा, आडवा पड! छाती टेक!" त्यांनी खांद्यावरची दावी एकमेकांस गाठ मारून फेकली. मुलगा पालथा पडला, दावे धरले, आणि आम्ही सर्वांनी मिळून त्याला घोरपडीसारखा ओढून काढला. ते गृहस्थ महादेव कोळी समाजाचे. आमच्याकडे कोळी म्हटले की होडी आणि जाळे डोळ्यांपुढे येते; यांचे जग मात्र डोंगर, भात आणि गुरे यांचे. पैसे देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. "दावी धुवून द्या," एवढेच म्हणाले.

परतीच्या प्रवासात मुलाने मला विनवले, "फादर, घरी सांगू नका." मुले सारी त्याच्या बाजूची. खरे सांगायचे तर मलाही ते सोयीचे होते. पुढच्या शिबिराला पालक मुले पाठवतील का, ही चिंता होतीच; आणि चूक त्याची नव्हती, माझी होती. चार दिवस मी त्या गल्लीतून जाण्याचे टाळले.

पाचव्या दिवशी गेलो. त्याची आई ओटीवर वाल सोलत होती. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. तिने हातातले वाल खाली ठेवले नाहीत.

"कपडे धुताना कळलंच होतं, फादर," ती म्हणाली. "खिशातसुद्धा गाळ होता. तुम्ही कधी येताय, तेच बघत होते."

मग तिने मला बसायला खुर्ची दिली आणि यंदा पुन्हा नेणार का, असे विचारले. पोहणे वगळून नेईन, असे मी सांगितले. धाकटीचेही नाव लिहून घ्या, असे ती म्हणाली.