पुंगळी वाचायला शिकवणारे काका

जुन्या रायफलींच्या काडतुसांच्या पुंगळ्या ओळखायला मला ज्यांनी शिकवलं, ते काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन पनवेलला लाइन आळीत राहायला आले होते. कारखाना १८६९ सालचा. तिथली तपासणीची शिस्त त्यांच्या बोटांत मुरलेली. आमच्याकडे बंदूक म्हणजे रानडुकरांपासून शेत राखणारी ठासणीची, तिला पुंगळीच नसते. त्यामुळे ओळखीच्या एका घरात शिकारी आजोबांच्या रिकाम्या, करंगळीहून लांब पितळी पुंगळ्या निघाल्या, तेव्हा मी त्या थेट काकांकडे नेल्या.

“आधी पूस, मग माप, मग बोल,” ते म्हणाले. पॉलिश लावायचं नाही. सुती फडक्याने बूड पुसायचं, उजेड तिरका पडेल असं धरून शिक्का वाचायचा. मग व्हर्नियरने कड, बूड, खांदा, मान आणि लांबी. दोन पुंगळ्यांचे शिक्के पार झिजलेले होते. दोन्हींची लांबी साधारण ८२ मिलिमीटर, कडाही जवळजवळ सारख्याच. मानेतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला. तेवढ्यावर एक ठरली ४७० नायट्रो एक्स्प्रेस आणि दुसरी हॉलंड अँड हॉलंडची ५००/४६५.

इतकी जवळची मापं का, तेही त्यांनीच उलगडलं. १९०७च्या सुमाराला सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरच्या रायफली आणायला बंदी घातली. फौजेच्या मार्टिनी-हेन्रीचा बोअर तोच. दारूगोळा बंडखोरांच्या कामी येईल, ही धास्ती. मग विलायती बंदूकवाल्यांनी बोअर जरासा वाढवून ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी काडतुसं बाजारात आणली. वाघामागे हिंडणाऱ्यांच्या रायफलीवर बंडाच्या धसक्याची अशी छाप आहे.

त्याहून अवघड ‘वाइल्डकॅट’, म्हणजे कारखान्याच्या पुंगळीची मान आवळून किंवा फुलवून कुणी स्वतः घडवलेलं काडतूस. जॅक लॉट यांचं ४५८ लॉट सुरुवातीला असंच ३७५ हॉलंड अँड हॉलंडच्या पुंगळीतून घडलं. बुडावर ३७५, तोंडात ४५८ची गोळी. काका म्हणायचे, “बुडावर लिहिलंय ते तिचं माहेर. सासर मानेत शोध.”

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला, ते बरंच झालं. पण त्या काळाची साक्ष या पितळेत आहे आणि साक्ष चुकीच्या नावाने नोंदली तर ती वायाच जाते. म्हणून माझ्या वहीत, मापांचा आधार नसेल तिथे नावाचा रकाना मी कोरा ठेवतो. ही सचोटी काकांची. मी ती फक्त वापरतो.

काका आता नाहीत. नेमबाज सुमा शिरूर यांच्यामुळे पनवेलची मुलं आज नेमबाजीकडे वळतात. एअर रायफलच्या छऱ्याला पुंगळीच नसते, तरी त्या मुलांतलं एखादं कुतूहलाने माझ्याकडे येतं. मी त्याला नाव सांगत नाही, व्हर्नियर देतो. काकांचं देणं फेडायची दुसरी रीत मला ठाऊक नाही.