जुनी येझदी की नवी जावा? एका निवडीचा इतिहास

१/
या धाग्यांत आपण सहसा ताम्रपट, बखरी, गढ्या आणि बारवा यांविषयी बोलतो. आजचा विषय मात्र चाकांवर चालणारा आहे. एकाच कुळातल्या दोन गाड्या समोर असताना जुन्या पिढीची घ्यावी की नव्या पिढीची, हा प्रश्न वेगवान गाड्यांवर जीव लावणाऱ्या जगभरच्या माणसांना पडत आला आहे. बोदवडमध्ये तो माझ्यापुढे गेल्या वर्षी मोटारसायकलीच्या रूपाने आला. उत्तर शोधताना मला इतिहासाचीच साधने हाती घ्यावी लागली, म्हणून हा धागा.

२/
आधी प्रसंग सांगतो. आमच्या मोठ्या काकांकडे १९८४ सालची येझदी रोडकिंग आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या कामासाठी त्यांनी तिच्यावरून मलकापूर, जामनेर, भुसावळ असे रस्ते वर्षानुवर्षे तुडवले. आता त्यांच्या गुडघ्याला किक झेपत नाही. पुण्याच्या एका संग्राहकाने गाडीला चांगली किंमत देऊ केली. तीत माझी शिल्लक घातली असती, तर नवी जावा दारात उभी राहिली असती. दोन्ही ठेवण्याची ऐपत नव्हती. काका एवढेच म्हणाले, ‘तू ठरव. फक्त भंगारात घालू नको.’

३/
हा पेच माझ्या एकट्याचा नाही. जर्मनीची पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स कार १९६३ मध्ये प्रथम लोकांपुढे आली. तिचे इंजिन हवेने थंड होत असे. १९९७ मध्ये कंपनीने ९११ याच नावाने पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची नवी पिढी आणली आणि चाहत्यांत तट पडले. एकांना जुन्या इंजिनाचा आवाज आणि साधेपणा हवा होता, दुसऱ्यांना नव्याचा वेग आणि भरवसा. जावाच्या घराण्यात नेमके हेच घडले आहे. फरक इतकाच की इथे दोन पिढ्यांमध्ये बावीस वर्षांची पोकळी आहे.

४/
आता कुळकथा. फ्रान्तिशेक यानेचेक हा झेक अभियंता मुळात शस्त्रनिर्मितीतला. १९२९ मध्ये त्याने ‘वाँडरर’ या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलीचा आराखडा घेतला आणि प्रागमध्ये उत्पादन सुरू केले. यानेचेकमधले ‘जा’ आणि वाँडररमधले ‘वा’ मिळून ‘जावा’ झाले. म्हणजे हे नाव जन्मापासूनच एका उसनवारीची नोंद आहे. ज्याला आपण आज ‘अस्सल’ म्हणतो, त्याचा आरंभही दुसऱ्याच्या आराखड्यावर झाला होता, हे पुढच्या चर्चेसाठी लक्षात असू द्या.

५/
दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातील प्रागमध्ये जावाच्या अभियंत्यांनी लपूनछपून २५० सीसीच्या नव्या गाडीचे काम चालू ठेवले. ‘पेराक’ या नावाने ती युद्धानंतर, १९४६ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. पेराक म्हणजे स्प्रिंगवाला. व्यापलेल्या प्रागमध्ये रात्री घरांवरून उड्या मारत जाणाऱ्या एका गूढ माणसाच्या दंतकथा पसरल्या होत्या, त्याचे हे नाव. लोककथेतले नाव यंत्राला मिळाल्याचे हे एक सुंदर उदाहरण आहे.

६/
मुंबईतले रुस्तम इराणी आणि फारुख इराणी या गाड्या आयात करून विकत. पन्नाशीच्या दशकात आयातीवर निर्बंध आले, तेव्हा त्यांनी इथेच गाडी बनवायचे ठरवले. १९६० मध्ये म्हैसूरला ‘आयडियल जावा’ ही कंपनी उभी राहिली. यादवगिरी भागातल्या कारखान्याचे उद्घाटन जयचामराजेंद्र वडियार यांनी केले. १९६१ पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. बोहेमियाचा आराखडा, इराणी घराण्याचे भांडवल, कन्नड कामगारांचे हात आणि गिऱ्हाईक आपल्या काळ्या मातीतला शेतकरी, असा हा विलक्षण संगम होता.

७/
सत्तरीच्या दशकाच्या आरंभी जावा हे नाव मागे पडले आणि तीच गाडी ‘येझदी’ म्हणून येऊ लागली. येझदी म्हणजे इराणातल्या यझ्द शहराचा. १९७८ मध्ये रोडकिंग आली. सुरुवातीच्या जावाची शक्ती साधारण १२ अश्वशक्ती होती, रोडकिंगची १६. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि एकच दांडा किकलाही आणि गिअरलाही. गिअर टाकताना तो दांडा स्वतःच क्लच सोडवत असे. ही करामत पाहायला आमच्या गल्लीत पोरे गोळा होत, असे काका सांगतात. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

८/
ही गाडी संपली का, हे समजण्यासाठी इंजिनात डोकावू. जुनी येझदी टू-स्ट्रोक. त्यात दट्ट्याच्या प्रत्येक वर-खाली फेरीला एक स्फोट होतो, म्हणून आकाराच्या मानाने जोर चांगला. भाग थोडे, दुरुस्ती सोपी. पण वंगणासाठी तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि तेही जळते. शिवाय धूर बाहेर पडताना थोडे न जळलेले पेट्रोलही निसटते. मागे रेंगाळणारा निळसर धूर त्या तेलाचाच. फोर-स्ट्रोकमध्ये स्फोट दर दोन फेऱ्यांना एकदा होतो, यंत्रणा गुंतागुंतीची असते, पण इंधनाचा हिशेब चोख राहतो.

९/
भारतात पेट्रोल वाहनांच्या धुरासाठी पहिले निकष १९९१ मध्ये आले, १९९६ मध्ये ते कडक झाले आणि २००० मध्ये आणखी. या चाळणीतून टू-स्ट्रोक मोटारसायकली हळूहळू गळत गेल्या. खान्देशातल्या तरुणांची दुसरी लाडकी गाडी यामाहा आरएक्स १०० १९८५ मध्ये आली होती, तिचेही उत्पादन १९९६ मध्येच थांबले. तिच्या चाहत्यांपुढे निदान पेच तरी नाही, कारण त्या नावाची नवी पिढी आलीच नाही. जावाचे नशीब वेगळे निघाले.

१०/
नोव्हेंबर २०१८ मध्ये महिंद्राचा मोठा हिस्सा असलेल्या ‘क्लासिक लेजंड्स’ या कंपनीने मुंबईत नवी जावा सादर केली. रुस्तम इराणी यांचे पुत्र बोमन इराणी या उद्योगात भागीदार आहेत. इंजिन २९३ सीसी, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे, शक्ती सुमारे २७ अश्वशक्ती. रूप मात्र पन्नाशीच्या दशकातले : तीच गोल टाकी, तेच दोन सायलेन्सर. ती तयार होते इंदूरजवळच्या पिथमपूरला, म्हणजे आमच्या बोदवडहून बऱ्हाणपूरमार्गे सरळ वर. जानेवारी २०२२ मध्ये येझदी हे नावही परतले. माझा जीव जडला तो जावावर.

११/
इथे इतिहासाचा विद्यार्थी थबकतो. म्हैसूरचा कारखाना नाही, टू-स्ट्रोक इंजिन नाही, मग चालू काय राहिले? नाव. त्या नावाचे मोल इतके की येझदी नक्की कोणाची, यावर कर्नाटक उच्च न्यायालयात खटला चालला. तरी नव्या गाडीला ‘नक्कल’ म्हणून हिणवण्याची घाई करू नका. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारले. वास्तू नवी होती, पण कोणी त्याला खोटे देऊळ म्हणत नाही. जीर्णोद्धार ही आपल्याकडे सन्मानाची परंपरा आहे.

१२/
दुसऱ्या बाजूने, जुनी गाडी तरी कितपत जुनी? काकांची येझदी मी कागदपत्रांसह तपासली. एमएच-१९ ही आपली जिल्हा-मालिका येण्यापूर्वीचा तीन अक्षरी क्रमांक, पिवळे पडलेले आरसी बुक, त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर. दोन्ही गाडीवरच्या ठशांशी जुळले. पण पिस्टन दोनदा बदललेला, टाकी तीनदा रंगवलेली, सीट मलकापूरला शिवलेली, एक सायलेन्सर मूळचा आणि एक नंतरचा. ज्या अर्थाने एखाद्या पोथीत मूळ लेखन आणि नंतरचे शेरे एकत्र नांदतात, त्या अर्थाने ही गाडी ‘मूळ’ आहे.

१३/
मग दोघींची तुलना केली, भावनेला थोडे बाजूला ठेवून. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. हवेने थंड होणारे जुने इंजिन दुपारी दमते, सावलीत उभे करून त्याला श्वास घेऊ द्यावा लागतो. नव्याला ती अडचण नाही. जुनीचे ड्रम ब्रेक आधी विचार करतात, मग थांबतात. १२५ सीसीवरच्या सर्व गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे नवी ओल्या रस्त्यावरही चाक घसरू देत नाही. जुनीचा दिवा रात्री रस्ता दाखवण्यापेक्षा स्वतःलाच दाखवतो. या तिन्ही बाबींत नवी निर्विवाद सरस.

१४/
जुनीच्या बाजूला काय? तिच्यात असे काही नाही जे उघडता येत नाही. पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडी चिकाटी एवढ्यावर तिचा कार्ब्युरेटर अंगणात साफ होतो. नव्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे, हे संगणक ठरवतो. तो बिघडला, तर कंपनीचे यंत्र जोडून पाहणारा माणूस गाठावा लागतो आणि तो बोदवडला नसतो. नवी गाडी आपल्याला चालवू देते. तिच्या पोटात मात्र सहजी शिरू देत नाही.

१५/
तुलना एवढ्यावर थांबली असती, तर कौल बहुधा नवीकडे गेला असता. पण मलकापूरच्या मिस्त्रींकडे काकांची गाडी घेऊन गेलो आणि तिसरीच गोष्ट समोर आली. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. पॉइंटमधला गाळा ते पोस्टकार्डाच्या तुकड्याने ठरवतात. मी नंतर फीलर गेज लावून पाहिले, पुस्तकातल्या मापाशी जुळला. डोळे मिटून इंजिन ऐकतात आणि प्लग काळा आहे की पांढरा, ते आधी सांगून मग उघडतात. त्यांच्याकडे शिकायला कोणी नाही. मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. पूर्वी आठवड्याला दहा येझदी त्यांच्या दारात यायच्या, आता महिन्याला एखादी.

१६/
तेव्हा माझ्या ध्यानात आले की संग्राहकाकडे गाडी गेली असती, तर ती जपली गेली असती यात शंका नाही. ती चकचकीत दालनात उभी राहिली असती. पण मिस्त्रींच्या हातातले ज्ञान तिच्याबरोबर पुण्याला गेले नसते. मोडी वाचणारे उरले नाहीत, की दप्तरखान्यातले रुमाल सुरक्षित असूनही मुके होतात, हे आपण सारे जाणतो. यंत्राचेही तसेच आहे. लोखंड टिकवणे पैशाने जमते. ते बोलते ठेवायला कोणीतरी शेजारी बसून शिकावे लागते, आणि मिस्त्रींच्या शेजारी बसण्याइतका जवळ मीच होतो.

१७/
म्हणून मी जुनी ठेवली. या निर्णयाची किंमत आहे आणि ती लपवत नाही. नवी जावा आली नाही, पुढची काही वर्षे येणारही नाही. नोकरीसाठी भुसावळला मी रेल्वेच्या पासावर जातो. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेला तो लोहमार्ग आमच्या गावाला अजून उपयोगी पडतो. येझदीच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचे, पर्यावरण कर भरायचा. तिचा धूर निरुपद्रवी नाही, म्हणून ती रोज बाहेर काढत नाही. रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, शिरसाळ्याच्या मारुतीपर्यंत जाऊन येतो.

१८/
दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी मिस्त्रींकडे जातो. एक वही केली आहे. त्यात ते सांगतील ते माप, आवाजाचे वर्णन, बिघाडाची लक्षणे आणि इलाज लिहितो. त्यांच्याच शब्दांत, शुद्ध करण्याच्या फंदात न पडता. ‘घशात अडकल्यावानी बोलते’ म्हणजे जेटमध्ये कचरा. चौऱ्याहत्तर पाने झाली आहेत. आता कार्ब्युरेटर मी एकटा उघडतो आणि पुन्हा बसवतो. क्लचला अजून त्यांचा हात लागतो.

१९/
तुमच्यापैकी कोणी अशाच पेचात असेल, तर माझा सल्ला असा. आधी आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरात त्या जुन्या यंत्राची भाषा जाणणारा माणूस आहे का, ते शोधा, आणि त्याच्याकडून शिकायला आपल्यापाशी वेळ आहे का, ते स्वतःला विचारा. दोन्ही उत्तरे ‘हो’ असतील, तर जुनी घ्या. एक जरी ‘नाही’ असेल, तर नवी घ्या आणि मनात कसलाही सल ठेवू नका. ती रोज चालवा, तिची बिले आणि कागद जपून ठेवा. चाळीस वर्षांनी कोणीतरी तिच्याकडेही साधन म्हणून पाहील.

२०/
आणि ज्यांच्या ओट्यावर, गोठ्यात किंवा जिन्याखाली आजोबा-काकांची येझदी, जावा, राजदूत पडून आहे, त्यांना एक विनंती. ती विकण्याआधी आरसी बुकाचे, चासी नंबराचे आणि बदललेल्या भागांचे फोटो काढा. ती कोणी घेतली, कशासाठी वापरली, कुठे दुरुस्त होत असे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. आपल्या गावाच्या रस्त्यांचा, बाजाराचा आणि हातांच्या कौशल्याचा इतिहास त्या नोंदींत आहे. तुमच्याकडच्या मिस्त्रींविषयी या धाग्याखाली अवश्य लिहा. वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत.