उसना रेडिओ

आमच्या सांगलीच्या वाड्यात एक नियम होता. शेजारून साखरेची वाटी उसनी आली तर ती रिकामी परत करायची नाही. साखर तर द्यायचीच, वर दोन वड्या, मूठभर शेंगा, काही नसलं तर देवापुढचं एखादं केळं. लहानपणी मला या नियमाचा राग यायचा, कारण वड्या आमच्या कमी व्हायच्या. पुढे आयुष्यात एक वस्तू अशी उसनी आली की तिच्यासोबत काय ठेवून ती परत करावी हेच ठरेना. मग ती माझ्याकडेच राहिली.

झेनिथचा काळा ट्रान्झिस्टर आहे तो. हातात मावतो, पण खिशात घातला तर खिसा उसवेल इतका जड. समोर दोन गोल सोनेरी चकत्या, एक आवाजाची आणि एक स्टेशनं फिरवायची, वटारलेल्या डोळ्यांसारख्या. जुने रेडिओ जमवणारे अमेरिकन लोक या मॉडेलला घुबडच म्हणतात. १९५५ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याची किंमत ७५ डॉलर होती, म्हणजे आजच्या मोबाइलसारखीच चैन. घुबड घरात ठेवू नये असं माझ्या सासूबाईंचं मत होतं. त्यांना मी त्याचं हे टोपणनाव कधी सांगितलं नाही.

१९७६ मध्ये लग्न होऊन मी ओहायोत आले. क्लीव्हलंडच्या पश्चिमेला लेकवुड म्हणून गाव आहे, इरी सरोवराच्या काठाला लागून. तिथल्या एका तीन मजली विटकरी इमारतीत मधल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. ह्यांची नोकरी कारखान्यात, पंधरवडाभर दिवसपाळी, पंधरवडाभर रात्रपाळी. वाड्यात मी कधी एकटी झोपले नव्हते. एकटी झोपायची म्हटलं तरी जागा नसायची. इथे रात्री नऊला दार लागलं की सकाळी सातपर्यंत मी आणि भिंती.

आणि त्या भिंती बोलायच्या. थंडी सुरू झाली तशी रोज रात्री भिंतीत कुणीतरी हातोडीने ठोकायला लागलं. आधी एक ठोका, मग तीन, मग लांबवर कण्हल्यासारखा आवाज. तिसऱ्या रात्री माझा धीर सुटला. साडीवर ह्यांचा कोट चढवून वरच्या मजल्यावर गेले आणि दार वाजवलं. दारात सत्तरीच्या घरातल्या बाई, केसांना जाळी, हातात चहाचा चमचा. मी बी.ए. झालेली, शेक्सपियरवर दहा-दहा मार्कांची उत्तरं लिहिलेली, पण ‘भिंतीत कुणीतरी आहे’ एवढं काही मला इंग्रजीत धड सांगता येईना. हातवारे केले. त्या खाली आल्या, खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरपाशी वाकल्या आणि चमच्याने नळावर दोनदा टकटक केलं. नळाने आतून उत्तर दिलं. वाफ होती. बॉयलरमधून वाफ वर चढली की थंड नळ असा ठोकतो.

मी ओशाळले. त्या हसल्या नाहीत. वर गेल्या आणि हे घुबड घेऊन परत आल्या. म्हणाल्या (मला कळलं ते असं), “भ्यायचंच आहे ना तुला? मग रीतसर भी.”

त्या रात्री मी पहिल्यांदा तो दरवाजा ऐकला. न तेल घातलेल्या बिजागरीचा लांबलचक करकराट, आणि मग एका माणसाचा शांत, सुसंस्कृत आवाज, आत या म्हणणारा. कार्यक्रम होता ‘सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर’. ६ जानेवारी १९७४ ला सुरू झालेला, रोज रात्री तासाभराची रहस्यकथा. निवेदक ई. जी. मार्शल, रंगभूमीवरचा आणि सिनेमातला कसलेला नट. कथा ऐन मोक्यावर आली की तो मध्ये येऊन दोन वाक्यं बोलायचा, मग जाहिरात. शेवटी गोड स्वप्नं पडोत म्हणायचा, पण ‘स्वप्नं’च्या आधी असा काही थांबायचा की पांघरूण कानापर्यंत ओढावं लागे.

कार्यक्रम संपला आणि नळावर दोनदा टकटक झालं. या खेपेला वाफ नव्हती. मीही चमचा शोधला आणि दोनदा वाजवलं. ऐकलं, जिवंत आहे, झोपते. पुढची चार-पाच वर्षं ह्यांच्या प्रत्येक रात्रपाळीला हा रिवाज चालला. अमेरिकेत माझी पहिली ओळख झाली ती अशी, चमच्याने.

त्यांचे आईवडील स्लोव्हाकियातून आलेले. लेकवुडमध्ये तेव्हा स्लोव्हाक लोकांची वस्ती मोठी होती. त्या स्वतः क्लीव्हलंडच्याच. त्यांनी मला नावाने हाक मार म्हणून सांगितलं, पण आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. आडनाव मला उच्चारता येईना. शेवटी मी ‘आजी’ म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला, ‘आड्जी’, आणि मान्य केला.

आजींचं सगळं तारुण्य रेडिओच्या रहस्यकथांत गेलेलं. करकरणाऱ्या दाराची खरी गोष्ट त्यांनीच सांगितली. ते दार नवं नव्हतंच. मिस्टरी थिएटरचा निर्माता हायमन ब्राउन याने ते १९४१ मध्येच ‘इनर सँक्टम’ या मालिकेसाठी वाजवलं होतं. आणि म्हणे अनेकदा तो आवाज दाराचा नसून एका गंजक्या फिरत्या खुर्चीचा असे. हे ऐकून मला आमची आकाशवाणी आठवली. तिथे घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या, हे शाळेतल्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी दोन दिवस रुसले होते. आजींनाही तसंच झालं होतं. पण खुर्ची माहीत असूनही दर रात्री त्या दचकायच्या. दचकणं हा त्यांचा हक्क होता.

१९४३ मधली एक गोष्ट त्या वरचेवर सांगत. ‘सस्पेन्स’ मालिकेतलं ‘सॉरी, राँग नंबर’ नावाचं नाटक, ल्युसिल फ्लेचरचं. अंथरुणाला खिळलेली एक बाई फोन लावते, लाइनी एकमेकींत गुंततात, आणि तिला दोन माणसं एका बाईच्या खुनाचा बेत करताना ऐकू येतात. ती ऑपरेटरला सांगते, पोलिसांना सांगते, कुणी मनावर घेत नाही. अ‍ॅग्नेस मूरहेडने ते एकटीने तोलून धरलं होतं. अमेरिकेत लोकांना ते इतकं आवडलं की पुढे ते पुन्हा पुन्हा करावं लागलं. आजींचे यजमान तेव्हा युद्धावर, घरात त्या आणि एक तान्हं बाळ. नाटक संपल्यावर त्यांनी फोनचा रिसीव्हर काढून उशीखाली ठेवला आणि रात्रभर दिवा चालू. मला हे नाटक समजावून सांगावं लागलं नाही. ज्याने तीन तास ताटकळून सांगलीहून मुंबईला ट्रंककॉल लावला आहे त्याला क्रॉस कनेक्शन म्हणजे काय हे सांगायची गरज नसते. दुसऱ्यांच्या लग्नाच्या याद्या, उधाऱ्या, भांडणं आम्ही तशीच ऐकली होती. फक्त खून काय तो राहिला होता.

याच मूरहेडबाईंना घेऊन ब्राउनने मिस्टरी थिएटरचा पहिला भाग केला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या वारल्या. आजी हे घरातलं माणूस गेल्यासारखं सांगत.

ऑर्सन वेल्सने १९३८ मध्ये ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ केलं आणि लोकांना मंगळावरचे प्राणी खरंच उतरलेत असं वाटलं, ही गोष्ट आपल्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे. मी उत्सुकतेने विचारलं, तुम्ही घाबरलात? आजी म्हणाल्या, छे, आम्ही ते ऐकलंच नाही. त्या वेळी दुसऱ्या स्टेशनवर एडगर बर्गन आणि त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी असायचे, सगळा देश तेच ऐकायचा. मंगळवाल्यांची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळली. आता गंमत पाहा, बर्गन हा शब्दभ्रमकार! आपल्या बोलक्या बाहुल्यांवाल्या पाध्यांचे ओठ हलतात का हे बघायला आम्ही पहिल्या रांगेत बसायचो, आणि इथे एक शब्दभ्रमकार रेडिओवर देशभर गाजला होता, जिथे त्याचे ओठ कुणालाच दिसत नव्हते. मला हसू आवरेना. आजींना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. बाहुला छान बोलायचा, त्या म्हणाल्या.

आपल्याकडे रेडिओवर रहस्यकथा नव्हती असं नाही. विविध भारतीवर ‘हवामहल’ होतं, पण ते बहुतेक हसवणारं. पुण्याला मामाकडे गेलं की ‘इन्स्पेक्टर ईगल’ ऐकायला मिळे, थर्मासवाल्यांचा. तो सुटसुटीत प्रकार, गुन्हा झाला की लगेच उलगडा. तासभर माणसाला अंधारात ताटकळत ठेवायचं आणि शेवटी थोडी शंका शिल्लक ठेवायची, हे मी लेकवुडमध्ये पहिल्यांदा अनुभवलं. तिथेही ते मधली बारा वर्षं बंदच होतं. १९६२ च्या सप्टेंबरअखेर ‘सस्पेन्स’ संपलं आणि टीव्हीने सगळं खाल्लं. आजींनी टीव्ही घेतला होता, पण त्यांची तक्रार होती की टीव्हीतला खुनी नेहमी नटासारखा दिसतो. रेडिओवरचा आपल्याला हवा तसा दिसतो. त्यांचे सगळे खुनी त्यांच्या धाकट्या दिरासारखे दिसायचे. माझे, न्यूयॉर्कचे असोत नाही तर लंडनचे, सांगलीला आमच्या घरी भाडं मागायला येणाऱ्या गृहस्थांसारखे: कोट, मिशी, काखेत छत्री.

आजींची आई स्लोव्हाक सोडून काही बोलत नसे. वीस वर्षं रेडिओ ऐकूनही तिला इंग्रजी आलं नाही, पण कोण कुणाला मारणार हे तिला घरात सगळ्यांच्या आधी कळायचं. माझं मात्र इंग्रजी तिथेच झालं. त्याचा तोटा असा की ते फार दिवस गुप्तहेरांचं इंग्रजी राहिलं. एकदा तळघरातल्या कपडे धुण्याच्या यंत्रात ह्यांचा एक मोजा हरवला, तेव्हा मी तिथल्या बाईंना विचारलं की तुम्ही त्याला शेवटचं कुठे पाहिलंत. त्या बाई काही क्षण माझ्याकडे बघत राहिल्या. पुढे मला फोनवर बोलायची नोकरी लागली. मुलाखतीत विचारलं की आवाज इतका स्पष्ट कसा. मी म्हटलं, रात्री ऐकून.

आता एका हिमवादळाकडे येते. २६ जानेवारी १९७८. पहाटे पाऊस होता, आणि बघता बघता वारा फिरला. क्लीव्हलंडच्या विमानतळावर ताशी ८२ मैल वेगाचे झोत मोजले गेले. ओहायोत आजही जुने लोक काळ मोजताना ‘ब्लिझर्डच्या आधी’ असं म्हणतात. मॅन्सफील्डजवळ एक ट्रकचालक आपल्या ट्रकसकट बर्फाखाली गाडला गेला आणि सहा दिवसांनी जिवंत निघाला. हे कारखान्यातच अडकले. दुपारी वीज गेली, बॉयलर बंद पडला, आणि संध्याकाळी नळ पहिल्यांदाच गप्प झाला. तो गप्प झाल्यावर मला भीती वाटली. दीड वर्षापूर्वी त्याच्या बोलण्याची वाटली होती.

मी चमच्याने दोनदा वाजवलं. वेळ नव्हती, तरी उत्तर आलं. मग आजी खाली आल्या, अंगात दोन स्वेटर आणि हातात मेणबत्ती. काडी ओढून गॅस पेटवता येत होता, म्हणून मी मुगाची खिचडी टाकली. त्यांनी ती चमच्याने खाल्ली, पाणी प्यायल्या, पुन्हा खाल्ली. मी सांगितलं, आज आमच्याकडे झेंडावंदन असतं. त्यांनी विचारलं, बर्फात? मी म्हटलं, नाही, उन्हात.

रात्री घुबड लावलं. क्लीव्हलंडच्या स्टेशनांवर फक्त वादळाच्या बातम्या, कुठला रस्ता बंद, कुठे निवारा. आजींनी काटा हळूहळू सरकवायला सुरुवात केली. ह्यांनी मला एकदा समजावून दिलं होतं की दिवसा आयनांबराचा खालचा थर रेडिओच्या लहरी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून रात्री शिकागो लागतं, सेंट लुइस लागतं, कधी थेट न्यू ऑर्लिन्सही. हे मला तेव्हा पाठ्यपुस्तकासारखं वाटलं होतं. त्या रात्री बाहेर दोन हातांवरचं दिसत नव्हतं आणि आजींच्या बोटाखाली गावं येत होती, जात होती. कुठे तरी भजन, कुठे गव्हाचे भाव, कुठे बास्केटबॉल. आणि मग खरखरीच्या आत, अगदी बारीक, दाराचा करकराट.

नाटक कोणतं होतं ते आठवत नाही. आवाज लाटेसारखा चढे नि बुडे, अर्धी वाक्यं वाऱ्यात जात. मधलं मधलं आजी भरून काढत होती, तिच्या आईसारखी, आणि शेवटी तिचंच बरोबर निघालं. आम्ही दोघी एका रजईत, रेडिओ दोघींच्या मध्ये, सेल गार पडू नयेत म्हणून तिने तो छातीशी धरलेला. त्या रात्रीनंतर माझ्या मनात त्यांचं ‘त्या’ गेलं आणि ‘ती’ आलं. इंग्रजीत हा फरक तिला सांगायची सोय नव्हती. पत्रातून आईला कळवलं, आईला लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेडिओ परत द्यायला लागले. ती म्हणाली, तुझं ऐकून झालं की दे.

१९८१ मध्ये गुडघे फारच दुखायला लागले म्हणून ती मुलीकडे अ‍ॅरिझोनाला गेली. निघताना मी रेडिओ पुढे केला, सोबत काय द्यावं हे न सुचल्यामुळे रिकामाच. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, कार्यक्रम बंद झाला का? मी म्हटलं, नाही. मग मला कशाला देतेस, ती म्हणाली.

तो बंद झाला ३१ डिसेंबर १९८२ ला. नऊ वर्षं, १,३९९ भाग. शेवटच्या वर्षी मार्शलच्या जागी टॅमी ग्राइम्स निवेदन करायची. वाईट करायची असं नाही, पण दार उघडल्यावर आत दुसरंच कुणी असावं तसं वाटे. हे त्या रात्री घरीच होते, शेजारच्या खोलीत झोपलेले. कार्यक्रम संपला आणि सवयीने मी नळावर दोनदा वाजवलं. पाच मिनिटांनी वरचा नवा भाडेकरू खाली आला, हीटर बिघडलाय का विचारायला.

मी तिला लिहिलं की आता झालं, रेडिओ पाठवते. उत्तरात तिचं पोस्टकार्ड आलं, वाळवंटातल्या निवडुंगाचं चित्र, मागे वाकड्या अक्षरात हवापाणी आणि गुडघे. रेडिओबद्दल एक अक्षर नाही. १९८८ मध्ये ती गेली. मुलीने फोन केला तेव्हा मी पुन्हा विषय काढला. तिला असा काही रेडिओ आठवत नव्हता.

आम्ही निवृत्त होऊन सांगलीला परतलो तेव्हा घुबड हातातल्या पिशवीतून आणलं. त्याला चार पेन्सिल सेल लागतात. दर दिवाळीला मी ते बदलते, पाझरून आतला पत्रा खराब होऊ नये म्हणून.