बाराची पाळी

अण्णा साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. गळीत हंगाम सुरू झाला आणि थंडी पडली की बारा ते आठची पाळी सगळ्यांच्या जिवावर यायची. अण्णा मात्र ती पाळी मागून घ्यायचे. रात्री साडेदहाला जेवण, मग तासभर पडणं, मग मफलर, बॅटरी आणि सायकल. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. 'हॅम्लेट' अभ्यासाला होतं. परीक्षेत हमखास विचारलं जाणारं ते प्रसिद्ध स्वगत मी पाठ केलं होतं आणि पहिला अंक गाइडमधल्या सारांशावर भागवला होता.

एका रात्री अण्णा पडल्या पडल्या म्हणाले, "काय वाचतीस एवढं? सांग की मला बी." मी पुस्तक पहिल्या पानावर उघडलं आणि मराठीत सांगायला लागले. डेन्मार्कमधला एल्सिनोरचा किल्ला. मध्यरात्र, कडाक्याची थंडी. तटावर फ्रान्सिस्को नावाचा शिपाई पहारा देतोय. त्याला सोडवायला बर्नार्डो येतो आणि अंधारात समोरच्याला दरडावून विचारतो, की कोण आहेस तू.

अण्णा उठून बसले. "थांब. कोन इचारतोय? येनारा?"

"हो."

"मग चुकतंय तुझं. जो उभा हाय त्यानं इचारायचं असतंय. येनाऱ्यानं नाव सांगायचं."

मी पुन्हा पानावर बोट ठेवून पाहिलं. माझं चुकलं नव्हतं. पुढच्याच ओळीत फ्रान्सिस्कोही अण्णांसारखाच अडून बसतो: आधी तू उत्तर दे. मी तसं सांगितल्यावर अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंजी येनारा भ्यालाय. आदल्या राती त्यानं कायतरी बघितलंय."

बर्नार्डोनं खरोखरच पाहिलेलं असतं. मेलेल्या राजाची चिलखतातली आकृती लागोपाठ दोन रात्री त्याच्यासमोरून गेलेली असते. पण ते आपल्याला थोडं पुढे कळतं. अण्णांना ते कुणी प्रश्न विचारला, एवढ्यावरूनच कळलं. माझ्या गाइडमध्ये या जागेबद्दल अवाक्षर नव्हतं.

पुढे शिकवायला लागल्यावर मी या चार ओळींच्या मागे लागले. 'हॅम्लेट'ची पहिली छापील प्रत १६०३ सालची. तिच्या दोनच प्रती आज शिल्लक आहेत, आणि त्यातली पहिली सापडली ती थेट १८२३ मध्ये. या तोकड्या प्रतीत पहारेकऱ्यांच्या संवादापुढे नावांऐवजी एक आणि दोन असे नुसते आकडे आहेत, आणि तिथे पहाऱ्यावर असलेलाच येणाऱ्याला हटकतो. म्हणजे सगळं नियमाप्रमाणे. वर्ष-दीड वर्षात निघालेल्या दुसऱ्या, मोठ्या प्रतीत हा क्रम उलटा आहे. १६०३ची प्रत कशी तयार झाली यावर अभ्यासक अजून भांडतात. मला त्या भांडणात पडायचं नाही. मला दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडतं. एका पानावर पहारा बदलतो. दुसऱ्या पानावर पहारा बदलताना हात थरथरतो.

मध्यरात्रीचा हा प्रवेश तेव्हा भर उन्हात चालायचा, हे वर्गात सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नाही. हे नाटक जिथे व्हायचं ते लंडनचं ग्लोब नाट्यगृह १५९९ मध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर उभं राहिलं. मधला भाग उघडा, डोक्यावर आकाश, प्रयोग दुपारी. दिवे मालवून रात्र करायची सोय नव्हती. एकमेकांना ओळखू न शकणारी दोन माणसं रंगमंचावर आली की प्रेक्षकांनी तेवढ्यावर अंधार समजून घ्यायचा. आपल्या संगीत नाटकांना नांदी असायची, सूत्रधार यायचा, आज कोणतं नाटक आणि कशाबद्दल ते सांगून माणसाला सावरून बसवायचा. इथे सूत्रधार नाही. बर्नार्डो भुताची हकिगत सांगायला सुरुवात करतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत भूतच समोर येऊन उभं राहतं.

आगरकरांनी या नाटकाचं मराठी रूपांतर केलं, ते 'विकारविलसित' १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. आदल्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. पहारा बदलताना होणारे आवाज त्यांनी कोठडीच्या आतून ऐकले असतील. त्यांचा पहिला प्रवेश वाचताना माझ्या मनात हे येतंच.

पण माझा जीव अडकलाय तो फ्रान्सिस्कोत. नाटकात त्याचं काम विसेक ओळींच्या आत संपतं. पहारा सोपवताना तो बर्नार्डोचे आभार मानतो, थंडी फार आहे म्हणतो, आणि त्याच दमात सांगून जातो की मनाला बरं वाटत नाहीये. त्यानं भूत पाहिलेलं नाही. त्याला कुणी काही सांगितलेलंही नाही. तरी त्या राज्यात काहीतरी बिघडलंय हे सगळ्यात आधी त्याच्या काळजाला लागलंय. यावर बर्नार्डो काय विचारतो? पहारा शांत गेला ना? चौकशी पहाऱ्याची. फ्रान्सिस्को सांगतो, उंदीरसुद्धा हलला नाही. आणि निघून जातो. पुन्हा पाच अंकांत कुठेही दिसत नाही. १६०३च्या प्रतीत हे मनाचं वाक्यही नाही.

मनाची चौकशी कुणीच करत नाही, हा धागा हातात धरला की पुढचे प्रवेश वेगळे दिसायला लागतात. दुसऱ्या प्रवेशात झगमगता दरबार भरलाय. नवा राजा क्लॉडियस बोलतोय. भाऊ गेल्याचं दुःख आणि भावजयीशी लग्न केल्याचा आनंद त्यानं एका लांबलचक वाक्यात असे गुंफलेत, की ऐकणाऱ्यानं हरकत नेमकी कुठे घ्यायची हेच कळू नये. मग कामकाज. नॉर्वेला वकील रवाना होतात, लेअर्टीस नावाच्या तरुणाला फ्रान्सला परत जायची परवानगी मिळते, आणि तिसऱ्या क्रमांकावर पुतण्याकडे, म्हणजे हॅम्लेटकडे, वळायला सवड होते. भर दरबारात तो एकटा काळ्या कपड्यांत बसलाय. बाप जाऊन पुरते दोन महिनेही झालेले नाहीत. आमच्याकडे माणूस गेलं की वर्षभर घरात सण करत नाहीत. इथे लग्नाचं जेवण उरकलंय.

त्याला सगळे विचारतात. राजा विचारतो, आई विचारते: तोंड का असं? पण विचारण्याची तऱ्हाच अशी, की उत्तर नकोय. सगळ्यांचेच बाप जातात, आता पुरे कर, एवढंच त्यांना सांगायचंय. आईच्या तोंडून 'तुझं दुःख एवढं वेगळं का भासतं' अशा अर्थाचे शब्द जातात आणि पोरगा त्यातल्या 'भासण्या'वर तुटून पडतो. पहिल्या वाचनात मला तो उद्धट वाटला होता. आज वाटतं, एवढ्या मोठ्या दरबारात त्याच्याकडे त्याच्या मापाचा प्रश्न घेऊन आलेलं एकही माणूस नव्हतं. त्याचा मित्र होरेशिओ येतो तेव्हा कुठे त्याचा आवाज मोकळा होतो.

भुताचंही तेच. होरेशिओ विद्वान म्हणून त्याला तटावर आणलेलं असतं, त्यानं विचारावं म्हणून. तो विचारतो, आज्ञा देतो, शपथ घालतो. भूत तोंड उघडणार तोच कोंबडा आरवतो. ते बोलतं ते पाचव्या प्रवेशात, मुलगा एकटा समोर उभा राहिल्यावर. मग बागेतली दुपारची झोप, कानात ओतलेलं विष, सगळं बाहेर येतं. बापाला ऐकणारं माणूस मिळतं आणि त्या ऐकण्यातच मुलाचा घात होतो. पाचव्या अंकातल्या प्रेतांपेक्षा मला ही जागा जास्त भयंकर वाटते.

त्या रात्री एवढं सगळं मला कुठलं सुचायला! मी फक्त पहिला प्रवेश संपवला. साडेअकरा झाले होते. कारखान्याकडून मळीचा वास येत होता. अण्णा मफलर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "त्यो पयला शिपाई. मनाला बरं वाटत न्हाई म्हनाला. त्याला कुनी इचारलं का न्हाई, काय हुतंय म्हनून?"

"नाही. तो घरी गेला."

"जाऊन झोपला आसल," असं म्हणून त्यांनी बॅटरी पेटवून पाहिली आणि सायकल काढली.

सकाळी आठच्या भोंग्यानंतर ते आले तेव्हा मी दारात होते. रोज चहा आईच पुढे करायची, त्या दिवशी मी कप घेऊन गेले आणि विचारलं, "अण्णा, रात्रभर एकट्याला तिथं कसं वाटतं हो?"

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग पायरीवर बसले, मफलर सोडला आणि सांगायला लागले.