आधी रविवार ठरवा

कोल्हापूर

प्रिय वहिनी,


तुमचं पत्र पोचलं. कराडात चित्रं काढणारी दहा-बारा मंडळी एकत्र आली, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात प्रदर्शनाने करावी का, असं तुम्ही विचारलंत. माझं मत विचाराल तर प्रदर्शनाला घाई नको. आधी वार आणि वेळ पक्की करा. हौशी मंडळ त्या ठरलेल्या वेळेवरच जगतं.

आमची मंडळी रविवारी सकाळी सातला रंकाळा तलावावर जमतात. कुणाची वाट पाहायची नाही, येईल त्याने बोर्ड मांडीवर घेऊन बसायचं. नव्या माणसाला पहिला धडा सावल्यांचा. समोरच्या संध्यामठावरचं ऊन तासाभरात सरकतं, आणि आधीच्या नि नंतरच्या सावल्या एकाच चित्रात आल्या की सगळंच खोटं दिसू लागतं. म्हणून पेन्सिलीने मोठे आकार धरले की लगेच सावल्यांच्या जागा ठरवून टाकायच्या आणि पुढे उन्हाने कितीही खुणावलं तरी त्या बदलायच्या नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर काटकसर रंगांत करा, कागदात नको. पातळ कागद पाणी लागताच फुगतो, खळग्यांत रंग साचतो, डाग पडतात आणि नवशिक्याला वाटतं आपल्याच हातात काही नाही. 300 जीएसएमचा, 22 बाय 30 इंची कागद सगळ्यांनी मिळून घ्या आणि एकाचे चार तुकडे करा. रंग विद्यार्थ्यांचे चालतील.

काम संपलं की सगळी चित्रं ओळीने मांडून बघायची. ही अर्धी घटका कधीच चुकवू नका. आमच्याकडे नुसतं ‘छान’ म्हणायला बंदी आहे. काय जमलंय ते बोट ठेवून दाखवायचं, मग एखादीच सुधारणा सुचवायची. एकट्याने घरी काढणाऱ्याला कौतुक मिळतं, पण असा दुसरा डोळा मिळत नाही. मंडळाचा खरा उपयोग हाच.

कार्यशाळा महिन्यातून एक पुरे. व्यक्तिचित्रणाची जरूर ठेवा. जाणत्या चित्रकाराला बोलवा, आणि समोर बसायला मंडईतल्या एखाद्या आजींना विनंती करा. मानधन दोघांनाही द्या, कारण दोन तास स्थिर बसणं हीसुद्धा मेहनतच आहे. दर वीस मिनिटांनी आजींना उठू द्या. त्याआधी पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने रेघ ओढून ठेवा, म्हणजे पुन्हा तीच बैठक जमते. चित्रकार डोळे किलकिले करून आधी उजेड आणि अंधाराचे मोठे भाग मांडतो, पापण्या नि ओठ फार उशिरा येतात. हे पाहून झालं की त्याच दिवशी सगळ्यांनी त्याच आजींचं चित्र करायचं. नुसत्या प्रात्यक्षिकाला टाळ्या मिळतात, पण हात तिथेच राहतो.

श्रावणात शाडूचे गणपती करा. त्या दिवशी मुलंबाळंही येतात. मूर्ती सावलीतच वाळवायला सांगा, उन्हात ठेवली की तडकते.

तुम्ही लिहिलंत, ‘आमचं शिक्षण चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेपुरतंच.’ वहिनी, बाबूराव पेंटर कुठल्याही कलाशाळेत गेले नव्हते. घरच्या कामातून हात तयार झाला, नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते चित्रपटापर्यंत पोचले. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले खरे, पण पुढे ते रमले ते कोल्हापूरचीच तळी आणि झाडं रंगवण्यात. रंकाळा, कोटितीर्थ त्यांना पुरले. तुमच्याकडे तर कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात. प्रीतिसंगमाचा घाट, सकाळी पाण्यावरचं धुकं, मंडईतली गर्दी, विषय शोधायला गावाबाहेर जायची गरजच नाही.

तेव्हा येत्या रविवारी जे येतील त्यांना घेऊन घाटावर बसा. चौघंच आले तरी बसा, आणि पुढच्या रविवारीही त्याच वेळी. वर्षभर हे नेमाने झालं की प्रदर्शनाचं बोलू. तेव्हा भिंतीवर लावण्याजोगं काहीतरी नक्की असेल.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वन्सं