पेटीत धडधडणारे काळीज



आमचे साडूभाऊ बीरशेबाला राहतात. त्यांच्या छातीत आज सहा वर्षे दुसऱ्या माणसाचे हृदय चालले आहे. कोणाचे, ते आम्हांला माहीत नाही. उत्तरेकडच्या कुणा घरात त्या दिवशी रडारड झाली, आणि आमच्या घरात पेढे वाटले गेले, एवढे मात्र पक्के.

त्याआधी चौदा महिने ते वाट पाहत होते. एकदा रात्री अडीच वाजता फोन आला, हृदय मिळाले आहे, ताबडतोब निघा. आम्ही अश्दोदहून टॅक्सीने धावलो. साडूभाऊंची तयारी झाली, निळा झगा घातला, हातात सुई गेली. पहाटे डॉक्टर येऊन म्हणाले, हृदय तपासले, मनासारखे नाही, घरी जा. साडूभाऊ काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी चहा मागितला, आणि कप तसाच गार झाला. त्यांचा वेळ पुढे आला हे खरे, पण तो मधला काळ कुणावर येऊ नये.

तेव्हापासून आम्ही दोघे या विषयाचे जे मिळेल ते वाचतो. आमचे नातू हसतात, सबा आणि सवता आता डॉक्टर होणार म्हणून!

आधी जुनी गोष्ट सांगतो. १९६७ च्या ३ डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला डॉक्टर ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी जगात पहिल्यांदा एका माणसाचे हृदय दुसऱ्याला बसवले. तो रोगी, लुई वॉशकान्स्की, लिथुआनियातून आलेला ज्यू, धंद्याने किराणा दुकानदार. अठरा दिवस जगला. आम्ही तेव्हा मुंबईत भायखळ्याला राहत होतो, कॉलेजात होतो. नंतर दोनअडीच महिन्यांत, १९६८ च्या फेब्रुवारीत, आमच्या परळच्या केईएममध्ये डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केले. रोगी काही तासच जगला, पण मुंबईभर त्याचीच चर्चा होती. त्याच वर्षी डिसेंबरात इथे पेताह तिक्वाच्या बेलिन्सनमध्ये डॉक्टर मॉरिस लेव्ही यांनी केले. आम्ही इस्राएलला यायच्या आधीच हा देश त्या रांगेत होता.

बार्नार्डसाहेबांना पेटीची गरजच नव्हती. देणारी मुलगी शेजारच्याच खोलीत होती. पुढे देणारा एका गावात, घेणारा दुसऱ्या गावात असे होऊ लागले, आणि मधला रस्ता हीच मोठी अडचण झाली.

त्यावर उपाय काय? आपल्या कोळणीचा उपाय, बर्फ! हृदयाला पोटॅशियमचे थंड औषध देऊन थांबवतात, पिशवीत घालतात, पिशवी बर्फाच्या पेटीत. साधारण चार अंश सेल्सिअस. गारव्यात हृदयाची भूक कमी होते, पण अगदी संपत नाही. म्हणून चार तासांच्या आत ते नव्या छातीत लावून चालू झाले पाहिजे असा नेम आहे. उशीर होईल तितके ते सुस्त उठते, कधी उठतही नाही. शिवाय ससून डॉकवर तुम्ही पाहिलेच असेल, पापलेट नुसत्या बर्फाला चिकटून राहिला की त्या बाजूने कडक पांढरा पडतो. हृदयाचेही तसेच होऊ शकते. साडूभाऊंचे हृदय याच पद्धतीने आले, आणि चांगले चालले आहे, म्हणून बर्फाची निंदा आम्ही करणार नाही.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून मुलुंडला एक हृदय असेच नेले. पोलिसांनी रस्ते मोकळे केले, त्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात, आणि दोन तासांच्या आत ते पोचले. मुंबईच्या रस्त्यांची ज्यांना आठवण आहे त्यांनाच यातला चमत्कार कळेल.

आता पेटीची गोष्ट. अमेरिकेतल्या एका कंपनीने असे यंत्र केले की हृदय बर्फात झोपवायचेच नाही, जागे ठेवायचे. देणाऱ्याचेच लिटर सव्वा लिटर रक्त, त्यात प्राणवायू आणि औषधे, जवळजवळ अंगाइतके कोमट, पंपाने हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत सोडतात. काचेसारख्या झाकणाखाली हृदय धडधडत असते. २००६ साली जर्मनीत पहिल्यांदा असे आणलेले हृदय रोग्याला बसवले. अमेरिकेच्या सरकारने २०२१ मध्ये परवानगी दिली. यंत्र महाग, फार महाग. एकदाच वापरून टाकायच्या भागालाच हजारो डॉलर पडतात. आमच्या मते किमतीचा हा प्रश्न पुढे सर्वांत जास्त छळणार आहे.

पण त्याचा मोठा गुण आम्हांला साडूभाऊंच्या त्या पहाटेमुळे कळला. बर्फातले हृदय झोपलेले असते, ते कसे उठेल हे सांगता येत नाही. पेटीतले हृदय डोळ्यांसमोर चालते. रक्तातला आम्लपणा वाढतो की उतरतो हे डॉक्टर तासा-तासाला पाहतात. ज्या हृदयाला पूर्वी भीतीपोटी नको म्हटले असते, ते कधी कधी तपासून घेता येते.

स्वीडनच्या लुंड शहरातल्या प्राध्यापक स्टिग स्टेन यांनी मधला मार्ग काढला. हृदय थांबलेलेच, पण आठ अंशांवर, आणि त्यातून पोषक द्रव हळूहळू फिरत राहतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सहा ते आठ तासांच्या वाटेवर हे वापरून पाहिले. २०२३ च्या जानेवारीत तर कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटांवरून एक हृदय साध्या प्रवासी विमानाने पॅरिसला आणले. बारा तास बाहेर होते, आणि चालू झाले! मेतुलापासून एलातपर्यंत आपला देश केवढा तो! इथे अंतराची अडचण कमी, हृदय चांगले की वाईट हे कळण्याची अडचण जास्त.

आमच्या मोआदोनमध्ये कुणीतरी मोबाईलवर धडधडणारी पेटी दाखवली, तेव्हा एका मावशींनी तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, "अगं बाई, हे तर जिवंत आहे. मग ज्याचं हे, तो माणूस मेला कसा?"

प्रश्न साधा नाही. मुलांनो, नीट ऐका. हृदयाला चालायला मेंदूचा हुकूम लागत नाही. त्याच्याच एका कोपऱ्यातून विजेची बारीक ठिणगी निघते. रक्त, प्राणवायू आणि योग्य क्षार मिळाले की ते बाहेरही चालते. १८८३ साली लंडनच्या सिडनी रिंगर यांनी बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवले. नळाच्या पाण्यातले मीठपाणी होते तेव्हा ते चालत होते, शुद्ध केलेले पाणी घेतले तर थांबले. नळाच्या पाण्यात चुना होता, म्हणजे कॅल्शियम! बेडूक तर केव्हाच मेलेला होता. म्हणजे धडधड हीच जीव, असे नाही.

आपल्या धर्मात हा वाद फार जुना आहे. तलमुदाच्या योमा भागात आहे, शबाथच्या दिवशी कुणावर भिंत कोसळली तर माती उकरा, जिवंत आहे का पाहा. कुठपर्यंत? नाकापर्यंत, श्वास आहे का पाहा. दुसरे मत म्हणते, हृदयापर्यंत. इस्राएलच्या मुख्य रब्बींनी १९८६ साली श्वासाचा आधार घेतला. मेंदूचा खोडाकडचा भाग मेला, श्वास कायमचा बंद झाला, तर मशीनवर हृदय चालत असले तरी माणूस गेला. काही मोठे रब्बी आजही हे मानत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. २००८ मध्ये केनेसेतने मेंदू आणि श्वास यांच्या मृत्यूचा कायदा केला. त्याच वर्षी दुसराही कायदा झाला, ज्याने अवयवदानाच्या कार्डावर सही केली त्याला गरज पडल्यास रांगेत थोडे पुढे घ्यायचे.

सिडनीच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये जाहीर केले की पूर्ण थांबलेले हृदयही त्यांनी पेटीत पुन्हा चालू करून रोग्याला बसवले. तेव्हा मावशींचा प्रश्न आणखी अवघड होतो. ज्यांना तो छळतो त्यांना अडाणी म्हणू नये.

आमच्या घरातही दोन मते आहेत. आमच्यापैकी एकीने कार्डावर सही केली. कार्डात एक ओळ असते, घरच्यांनी निवडलेल्या धर्मगुरूची मान्यता असेल तरच. तिने त्या ओळीवरही खूण केली. दुसऱ्याच्या कानात अजून आईचे शब्द आहेत, देह पुरा मातीला द्यावा. आमचे वाडवडील नवगावच्या मातीत पुरेच गेले. पण साडूभाऊंसाठी घेताना हात पुढे केला आणि देताना मागे घ्यायचा, हेही त्याला पटत नाही. दर शबाथला ते दोघे जेवायला येतात. साडूभाऊ आंबट वरणाची दुसरी वाटी मागतात, मीठ कमी घालून, आणि सही न केलेल्याची मान खाली जाते.

धाकट्या नातवाने एकदा सरळ विचारले, "काकांचं लेव बदललं, मग ते आता दुसऱ्याच कुणावर प्रेम करणार का?" साडूभाऊ म्हणाले, "तुझ्या मावशीला विचार." मावशीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, आणि म्हणाली, "खोड्या त्याच आहेत." आपणही मराठीत काळीज म्हणतो आणि खाटकाकडे कलेजी मागितली तर यकृत मिळते. शब्दांचे काय, कुठेही फिरतात.

आम्ही कुपत होलिममधल्या डॉक्टरीणबाईंना विचारले, पंचाहत्तरीच्या हृदयाचा कुणाला उपयोग? त्या हसल्या. म्हणाल्या, हृदयाचं राहू द्या, पण डोळ्यांच्या पुढच्या काचा, म्हणजे कॉर्निया, या वयातही पुष्कळदा कामी येतात. सही करायची तर करा, आणि मुलांना सांगून ठेवा, कारण त्या वेळी विचारतात ते घरच्यांनाच.

परवा ज्याची सही नाही त्याने कार्डाचा कागद मागून घेतला. चष्मा लावून दोनदा वाचला आणि शबाथच्या मेणबत्त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. अजून कोराच आहे.